व्हायकिंगांचा धर्म : रावी आणि रिवायत

आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या मुलखांतील दर्यावर्दी लोकांनी अर्धे जग पायाखाली घातले. इ.स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ लुटला, तेथून त्यांच्या युगाचा आरंभ धरला जातो. ८४४ साली त्यांची जहाजे थेट अंदलुसमध्ये शिरली आणि इश्बीलिया, म्हणजे आजचे सेव्हिल शहर, त्यांनी लुटले. अंदलुसच्या मुस्लिम इतिहासकारांनी या हल्लेखोरांची नोंद 'मजूस' या नावाने केली आहे. मजूस म्हणजे इराणचे अग्निपूजक. व्हायकिंगांचा आणि जरथुष्ट्राचा सुतराम संबंध नव्हता. परंतु हे लोक मुसलमान नव्हते, ईसाई नव्हते, यहुदीही नव्हते. मग उरलेल्या खान्यात जे नाव शिल्लक होते ते त्यांना देऊन टाकले गेले.

ही गोष्ट आम्ही आरंभीच सांगितली, कारण व्हायकिंगांच्या श्रद्धांविषयी जे काही आज ठाऊक आहे त्यातील बराच भाग असाच परक्याच्या हातून आलेला आहे. त्यांच्याजवळ रून नावाची लिपी होती, पण ती दगडावर, लाकडावर, हाडावर नाव आणि दोन ओळी कोरण्यापुरती. त्यांचा धर्मग्रंथ नव्हता, पैगंबर नव्हता, कलमा नव्हता. 'धर्म' या अर्थाचा स्वतंत्र शब्दसुद्धा त्यांच्या भाषेत नव्हता. ते 'सिद्र' म्हणत, म्हणजे रिवाज. नवा धर्म आल्यावर आपल्या जुन्या वाटेला ते 'जुना रिवाज' म्हणू लागले. तोपर्यंत वेगळे नाव देण्याची गरजच पडली नव्हती.

तेव्हा प्रश्न असा की, ज्यांनी स्वतः लिहून ठेवले नाही त्यांचा अकीदा कोणाच्या तोंडून ऐकायचा? आपल्याकडे हदीसच्या विद्वानांनी यासाठी एक शिस्त घालून दिली आहे. मजकूर पाहण्याआधी ते सनद पाहतात. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, ऐकले तर कोणाकडून. हीच कसोटी व्हायकिंगांच्या बाबतीत लावून पाहण्यासारखी आहे.

पहिला रावी आपल्याच घरातला आहे. त्याचे नाव अहमद इब्न फदलान. अब्बासी खलीफा अल्-मुक्तदिर याने वोल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठविले, त्यात इब्न फदलान होता. त्या राजाने इस्लाम स्वीकारला होता आणि त्याला दीन शिकविणारे लोक, मशीद आणि किल्ला बांधण्यासाठी मदत हवी होती. २१ जून ९२१ रोजी हा काफिला बगदादहून निघाला आणि बुखारा, ख्वारिज्म करीत, गोठवणारा हिवाळा सोसत, १२ मे ९२२ रोजी बुल्गारांकडे पोहोचला. किल्ल्यासाठी कबूल केलेले ४००० दीनार मात्र कधीच पोहोचले नाहीत आणि त्याबद्दलची बोलणी राजाकडून बिचाऱ्या इब्न फदलानला खावी लागली. सरकारी कामावर दूर पाठविलेल्या माणसाची ही गत नवी नाही. उत्तरेकडील छोट्या रात्रींचाही त्याने अनुभव लिहिला आहे. इशाच्या अजानची वाट पाहत तो बगदादच्याच एका शिंप्याशी गप्पा मारीत बसला आणि अजान झाली ती फजरची.

या वोल्गाकाठी त्याला 'रूस' व्यापारी भेटले. हे रूस म्हणजे पूर्वेकडे आलेले, मुख्यतः स्वीडनकडचे व्हायकिंग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अर्थात त्यांच्यात स्लाव्ह लोकांचे आणि स्टेपीतल्या टोळ्यांचे रिवाजही मिसळलेले असणार. खजुराच्या झाडांसारखे उंच, गोरे, लालसर. बोटांपासून मानेपर्यंत गोंदलेले. त्यांच्या शरीराचे त्याला कौतुक वाटते आणि त्यांच्या अस्वच्छतेची किळस येते. तहारत पाळणाऱ्या फकीहाला एकाच परातीतल्या पाण्यात सगळ्यांनी तोंड धुवावे, नाक शिंकरावे हे कसे सोसावे! त्याचा हा राग वाचताना आम्हांला तो अधिकच खरा वाटतो, कारण न पाहिलेल्या माणसाला इतका राग येत नाही.

धर्माविषयी त्याने जे पाहिले ते असे. नदीकाठी माणसाचा चेहरा कोरलेला एक उंच खांब पुरलेला असे, भोवती लहान मूर्ती आणि त्यांच्यामागे आणखी खांब. जहाज लागले की व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि मद्य घेऊन तेथे येई, खांबापुढे लोटांगण घाली आणि हिशेब सांगे. मी दुरून आलो आहे, माझ्याजवळ इतक्या दासी आणि इतकी सेबलची कातडी आहेत, माझ्याकडे भरपूर दीनार-दिरहम असलेला आणि घासाघीस न करणारा गिऱ्हाईक पाठव. माल खपला नाही तर तो लहान मूर्तींकडे जाई, त्यांना सिफारिश करायला सांगे. माल खपला की मेंढ्या आणि गुरे कापून काही मांस खैरात करी, उरलेले खांबांपुढे ठेवी. रात्री कुत्री येऊन ते खात आणि सकाळी व्यापारी म्हणे, माझ्या स्वामीने नजराणा कबूल केला.

इब्न फदलान येथे हसला असेल. पण त्याने नोंद मात्र इमानदारीने केली आहे. या श्रद्धेचा गाभा देवाणघेवाणीचा होता हे त्या एका दृश्यात दिसते. गुनाह आणि तौबा, हराम आणि हलाल यांचा तेथे सवाल नव्हता.

मग त्यांचा एक सरदार मरण पावला. दहा दिवस प्रेत तात्पुरत्या कबरीत ठेवले गेले आणि तोपर्यंत कफनाचे किमती कपडे शिवले गेले. त्याच्या घरच्या दासींना विचारण्यात आले, त्याच्याबरोबर कोण मरणार? एकजण म्हणाली, मी. एकदा होकार दिला की माघार घेता येत नसे. त्या दहा दिवसांत ती मद्य पीत होती, गात होती, आनंदी दिसत होती, असे इब्न फदलान लिहितो. ठरलेल्या दिवशी जहाज किनाऱ्यावर ओढून घेतले गेले. त्यात मृताला बसविले. कुत्रा, दोन घोडे, दोन गायी, कोंबडा आणि कोंबडी कापून टाकली. घोड्यांना आधी घाम फुटेपर्यंत पळविले होते. मग दाराच्या चौकटीसारखे काहीतरी उभे करून पुरुषांनी त्या मुलीला तळहातांवर तीनदा वर उचलले. पहिल्या वेळी तिने सांगितले की मला माझे आईवडील दिसतात. दुसऱ्या वेळी सगळे मेलेले नातलग दिसले. तिसऱ्या वेळी तिला तिचा मालक हिरव्यागार, सुंदर जन्नतमध्ये बसलेला दिसला, तो तिला बोलावीत होता. 'जन्नत' हा शब्द अर्थात इब्न फदलानचा किंवा त्याच्या दुभाष्याचा. मूळ शब्द काय होता हे त्या चौकटीपलीकडेच राहिले.

त्यानंतर तिच्यावर पुरुषांकडून जे गुदरले ते आम्ही येथे लिहीत नाही. तिला प्याले देण्यात आले, ती दीर्घकाळ गात राहिली. तंबूपाशी ती घोटाळली. तेव्हा ज्या म्हातारीला ते लोक 'मौतचा फरिश्ता' म्हणत तिने तिचे डोके धरून आत ओढले. बाहेर पुरुष ढालींवर काठ्या आपटू लागले. कशासाठी? तिच्या किंकाळ्या इतर मुलींच्या कानांवर जाऊ नयेत, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तयार होणार नाही, असे कारण इब्न फदलानने दिले आहे. आत दोघांनी दोरीने गळा आवळला आणि म्हातारीने फासळ्यांत सुरा खुपसला.

मग जहाज पेटविले. शेजारी उभा असलेला एक रूस दुभाष्याला काही म्हणाला. इब्न फदलानने विचारले, काय म्हणतो? तो म्हणत होता की तुम्ही अरब बेअक्कल आहात. सर्वांत प्रिय माणसाला मातीत टाकता, किडे खातात. आम्ही त्याला क्षणात जाळतो आणि तो लगेच जन्नतमध्ये जातो. तेवढ्यात जोराचा वारा सुटला आणि तासाभरात राख झाली. वर मातीचा ढिगारा रचून मध्ये लाकडाचा खांब उभारला आणि त्यावर मृताचे आणि रूसांच्या राजाचे नाव लिहिले. मुलीचे नाव लिहिल्याचा उल्लेख नाही. इब्न फदलानलाही ते विचारावेसे वाटले नाही.

या रावीची तपासणी जमिनीनेही केली आहे. नॉर्वेतील ओसेबेर्ग येथे १९०४-०५ मध्ये जे दफन केलेले जहाज उकरले गेले त्यात दोन स्त्रिया होत्या आणि बरोबर कापलेले घोडे आणि कुत्री. लाकडाच्या वलयांवरून ते दफन ८३४ सालचे ठरते. लोफोटेन बेटांवरील फ्लाकस्टाड येथे काही कबरींत एका अखंड सांगाड्याबरोबर मुंडके नसलेले सांगाडे मिळाले. हाडांची तपासणी करून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखविले की दोघांचे आयुष्यभराचे खाणे वेगवेगळे होते. ते गुलाम असावेत, असा त्यांचा कयास आहे.

इब्न फदलानच्या सफरनाम्याचे सर्वांत भरीव हस्तलिखित १९२३ साली मशहदमध्ये बश्कीर विद्वान जकी वलीदी तोगान यांना सापडले. तोवर याकूतच्या भूगोलकोशातील उताऱ्यांवर काम भागत होते. हॉलिवुडनेही १९९९ साली 'द थर्टिन्थ वॉरियर' या चित्रपटात इब्न फदलानला हाती तलवार देऊन राक्षसांशी लढायला पाठविले. मायकेल क्रायटनच्या ज्या कादंबरीवर तो बेतला आहे तिची पहिली काही प्रकरणेच सफरनाम्याच्या आधारे आहेत. बाकी सगळी कल्पना. कागद-कलम घेऊन आलेला माणूस पडद्यावर नायक म्हणून चालत नसावा.

आता थोडे चांदीविषयी, कारण येथे आपल्या लोकांची एक खोड दिसते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्स नावाच्या शेतात १९९९ साली व्हायकिंगकालीन खजिना सापडला. चांदी ६७ किलो, नाणी १४ हजारांवर, आणि जवळजवळ सगळी इस्लामी टाकसाळींतली. बगदाद, आणि पुढच्या काळात समरकंद, ताश्कंद, बुखारा येथील सामानी दिरहम उत्तर युरोपात ठिकठिकाणी मिळाले आहेत. काही दिरहमांवर तर कोणीतरी थॉर देवाचा हातोडा ओरखडून ठेवला आहे. एका बाजूला कलमा, त्यावर हातोडा! स्वीडनच्या बिर्का येथील एका स्त्रीच्या कबरीत अंगठी मिळाली, तिच्या रंगीत काचेवर कूफी वळणात अल्लाहचे नाव आहे, असे २०१५ च्या अभ्यासात वाचले गेले. हे ऐकून आमच्यातल्या अनेकांची छाती फुगते. २०१७ मध्ये तर व्हायकिंगांच्या कफनाच्या कापडावर 'अल्लाह' विणलेले आहे, अशी बातमी जगभर गेली. थोड्याच दिवसांत इस्लामी कलेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की ज्या चौकोनी कूफी वळणाचा दावा केला आहे ते त्या काळात प्रचलितच नव्हते. बातमी पसरली तेवढे खंडन पसरले नाही.

अभिमान बाळगणाऱ्यांनी एक हिशेब तपासावा. रूस व्यापाऱ्याने खांबापुढे काय मागितले होते? दासी आणि कातडी विकत घेणारा, दीनार-दिरहमवाला गिऱ्हाईक. तो गिऱ्हाईक कोण होता? गॉटलंडच्या मातीतली चांदी ही त्या मालाची किंमत आहे. जहाजात मारली गेलेली मुलगी त्याच बाजारातली; ती विकली गेली असती तर बुखारा किंवा बगदादच्या एखाद्या घरात पोहोचली असती.

दुसरा रावी ब्रेमेनचा आदम. हा जर्मन पाद्री. साधारण १०७५ मध्ये त्याने स्वीडनमधील उप्सालाच्या मंदिराचे वर्णन केले. सोन्याने मढविलेले मंदिर, मधोमध थॉर, दोन बाजूंना ओडिन आणि फ्रेयर. दर नऊ वर्षांनी जत्रा. प्रत्येक जातीचे नऊ नर बळी दिले जात आणि माणसे, घोडे, कुत्रे एकत्र राईत टांगले जात. ७२ देह मोजल्याचे त्याला एका ईसाईने सांगितले म्हणे. आदम स्वतः तेथे कधी गेला नव्हता. जुन्या उप्सालाला उत्खननात मोठमोठी सभागृहे मिळाली, बळीचे अवशेष मिळाले. सोन्याचे मंदिर काही मिळाले नाही. ज्या धर्माला उखडून टाकायचे आहे त्याचे वर्णन त्याचा विरोधक ऐकीव माहितीवर करतो आहे, ही सनद कमजोरच म्हणावी लागेल. टाकून देण्याइतकी मात्र नाही.

तिसरा रावी सर्वांत गोड बोलणारा आणि म्हणूनच सर्वांत सावधपणे ऐकण्यासारखा. आइसलंडचा स्नोरी स्टुर्लुसन, ११७९ ते १२४१. कवी, इतिहासकार, कायदेपंडित आणि भानगडखोर राजकारणी. नॉर्वेच्या राजाच्या इशाऱ्यावरून त्याला त्याच्याच घराच्या तळघरात ठार करण्यात आले. ओडिन, थॉर, लोकी यांच्या ज्या कथा आज मुलांच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून दिसतात त्यांचा मोठा भाग त्याने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'एड्डा' या ग्रंथातून आला आहे. तोपर्यंत आइसलंड ईसाई होऊन सव्वादोनशे वर्षे झाली होती. स्नोरी स्वतः पक्का ईसाई होता.

मग ईसाई माणसाने जुन्या देवांच्या कथा का जपल्या? उर्दू शिकविणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. आम्ही वर्गात गजल शिकवतो तेव्हा तलमीह समजावून सांगावी लागते. जाम-ए-जम म्हणजे काय, फरहादचा तेशा काय, रुस्तम कोण. यातले कोणीही इस्लामचे नव्हेत, इस्लामपूर्व इराणचे. फिरदौसी मुसलमान होता आणि १०१० च्या सुमारास त्याने 'शाहनामा' पुरा करून त्यातले बरेच काही जपले. ही पात्रे कळली नाहीत तर शेर कळत नाही. स्नोरीपुढे हीच अडचण होती. जुन्या दरबारी कवींनी सोन्याला 'सिफचे केस' म्हणावे, जहाजाला 'लाटेचा घोडा' म्हणावे. सिफ म्हणजे थॉरची बायको. लोकीने तिचे केस कापले आणि त्याबदल्यात बुटक्यांकडून सोन्याचे केस घडवून आणावे लागले. ही कथा विसरली गेली तर कविता मुकी होणार. स्नोरीने नव्या कवींसाठी तलमीहचे पाठ्यपुस्तकच लिहिले. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून प्रस्तावनेत त्याने सांगूनही टाकले की हे देव खरे देव नव्हेतच, आशियातून, ट्रॉयहून आलेली हुशार माणसे होती.

त्याने आणि त्याच्याआधीच्या निनावी कवितांनी सांगितलेले जग मोठे विलक्षण आहे. आरंभी एक प्रचंड पोकळी. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला आग. दोन्ही भेटले तेथे थेंब ठिबकून यमिर नावाचा राक्षस झाला. एक गाय खारट बर्फ चाटू लागली आणि चाटता चाटता तीन दिवसांत त्यातून एक पुरुष बाहेर आला, देवांचा पूर्वज. ओडिन आणि त्याच्या दोन भावांनी यमिरला मारले. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. किनाऱ्यावर पडलेल्या दोन झाडांपासून त्यांनी पहिला पुरुष आणि पहिली स्त्री केली. मधोमध इग्द्रासिल नावाचा वृक्ष. शेंड्यावर गरुड, मुळाशी नाग, आणि एक खार दोघांच्या शिव्या एकमेकांना पोहोचवीत वरखाली पळते. चाळीत राहिलेल्या कोणालाही ही खार ओळखीची वाटेल.

ओडिनला ज्ञानाची इतकी भूक की विहिरीचे पाणी मिळावे म्हणून त्याने आपला एक डोळा दिला आणि रूनांचे रहस्य कळावे म्हणून नऊ रात्री झाडाला लटकून राहिला. पण तो विश्वासाचा नव्हे. ज्या योद्ध्याला लाडावतो त्यालाच ऐन लढाईत सोडतो, कारण शेवटच्या युद्धासाठी त्याला चांगली माणसे आपल्याकडे हवी असतात. शेतकऱ्याचा, कोळ्याचा, साध्या माणसाचा देव थॉर. त्याचा हातोडा ताईत म्हणून गळ्यात घालीत. असे शेकडो ताईत मिळाले आहेत. हा हातोडाच की आणखी काही, अशी शंकाही काही विद्वान काढीत. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलांड बेटावर एक ताईत मिळाला, त्यावर रून लिपीत लिहिले होते की हा हातोडा आहे. तो कोरणाऱ्या कारागिराचे आम्हां शिक्षकांना विशेष कौतुक वाटते. इंग्रजीतील वारांत हे देव अजून बसले आहेत. वेन्सडे ओडिनचा, थर्सडे थॉरचा, आणि आमचा जुम्मा ज्या नावाने शाळेच्या वेळापत्रकात येतो तो फ्रायडे ओडिनच्या बायकोचा, फ्रिगचा.

डोक्याला शिंगे असलेले शिरस्त्राण मात्र कोणत्याही व्हायकिंगाने घातले नाही. ते १८७६ साली वाग्नरच्या संगीतनाटकासाठी वेषभूषाकाराने चढविले आणि मग उतरलेच नाही.

या सगळ्या कथेत मनाला हलविणारी गोष्ट शेवट ही आहे. तीन हिवाळे मध्ये उन्हाळा न येता लागोपाठ येतील. भाऊ भावाला मारील. सूर्याला लांडगा गिळील. ५३६ साली ज्वालामुखीच्या राखेने उत्तर गोलार्धात सूर्य महिनोन्‌महिने अंधारला होता. त्याची आठवण या कथेत असावी असे काही संशोधकांना वाटते. मग देवांची शेवटची लढाई, रॅग्नारोक. ओडिनला फेन्रिर लांडगा खातो. थॉर समुद्रातल्या महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावले चालून पडतो. हे सर्व देवांना आधीपासून माहीत आहे. टळणार नाही हेही माहीत आहे. तरी ते शस्त्रे घासूनपुसून ठेवतात.

आपल्या अकीद्यात कयामतच्या दिवशी सर्व फना होते आणि अल्लाहची जात बाकी राहते. येथे तर खुदाच फना होतात. मग त्यांची इबादत कशासाठी करायची, असा सवाल आमच्या मनात येतो. व्हायकिंगाच्या मनात तो येत नसावा. देव हे त्याच्या लेखी मालक कमी आणि थोरले साथीदार जास्त. जो अटळ नशिबाखाली आपण तोच ते. मेल्यानंतर वालहाल्लाची मेजवानी सर्वांना नव्हती. ती रणात पडलेल्यांना, आणि त्यांतलेही निम्मे फ्रेया देवीच्या वाट्याचे. अंथरुणात मेलेल्याला हेलच्या थंड मुलखात जायचे. लढाईत ढाल धरणारे थोडे, शेत नांगरणारे अनेक. म्हणजे बहुसंख्य लोकांच्या पुढे तो थंड मुलूखच होता. रॅग्नारोकनंतर समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते, मारला गेलेला बाल्डर परत येतो, असेही सांगितले आहे. हा भाग जुना की ईसाई कानांनी ऐकून भर घातलेला, यावर विद्वानांचे एकमत नाही.

आणि हा रिवाज गेला कसा? तलवारीने, राजांच्या सोयीने, व्यापाराने, आणि हळूहळू. डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथ राजाने ९६५ च्या सुमारास येलिंगच्या दगडावर कोरून ठेवले की आपण डेन लोकांना ईसाई केले. डेन्मार्कमध्येच ट्रेंडगार्डन येथे सोनाराचा एक दगडी साचा मिळाला, त्यात क्रूसही ओतता येई आणि हातोडाही. दुकानदार शहाणा होता. आइसलंडमध्ये वसायला आलेल्या हेल्गी नावाच्या माणसाविषयी लिहिले आहे की तो येशूला मानी, घराचे नावही त्याने येशूवरून ठेवले. पण समुद्रात जहाज घातले की किंवा कठीण वेळ आली की थॉरला हाक मारी. असे लोक पाहून आम्हांला हसू येत नाही. धर्मांतराचा इतिहास कागदावर एका तारखेला घडतो, घरात दोन-तीन पिढ्या चालतो.

आइसलंडची तारीख इ.स. १००० किंवा त्याआधीचे वर्ष. तेथे राजा नव्हता. ९३० पासून थिंगवेलिरच्या मैदानावर आल्थिंग ही लोकसभा भरत असे. नॉर्वेच्या ओलाफ राजाने आइसलंडरांच्या मुलांना ओलीस धरून दबाव आणला होता. सभेत दोन तट पडले. ईसाई म्हणाले आमचा कायदा वेगळा, जुन्या रिवाजवाल्यांनी म्हटले आमचा वेगळा. यादवी व्हायची. त्याच वेळी जवळच ज्वालामुखी फुटल्याची खबर आली. देव कोपले, असे लोक म्हणू लागताच स्नोरी नावाच्याच एका गोडीने, म्हणजे सरदार-पुजाऱ्याने, विचारले की आज आपण ज्या खडकावर उभे आहोत तो जेव्हा वितळून वाहत होता तेव्हा देव कशावर कोपले होते?

निवाडा कायदा सांगणाऱ्या थोरगेइरवर सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या रिवाजाचा होता. तो आपल्या राहुटीत घोंगडे डोक्यावरून ओढून दिवसभर आणि रात्रभर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की कायदा फाडला तर अमनही फाटेल. सर्वांनी एकच कायदा, एकच धर्म ठेवावा, आणि तो ईसाई असावा. परंतु नकोशी मुले उघड्यावर टाकण्याची आणि घोड्याचे मांस खाण्याची जुनी मुभा राहील, आणि छुपा बळीही चालेल. साक्षीदार सापडले तर मात्र सजा. काही वर्षांतच या सवलतीही काढून घेण्यात आल्या. सभेहून परतताना अनेकांनी थंड पाण्यात बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला आणि वाटेतल्या गरम झऱ्यांवर जाऊन तो घेतला. थंडीच्या दिवसांत फजरच्या वुजूला उठणाऱ्यांनी त्यांना नावे ठेवू नयेत.

या प्रसंगाची सनद चांगली आहे. आरी थोरगिल्सनने ११२२ ते ११३३ च्या दरम्यान तो लिहिला आणि कोणाकडून ऐकले ते नाव घेऊन सांगितले. त्याला सांगणारा तेइत, हा सभेतल्या ईसाई तटाच्या पुढाऱ्याचा नातू. ज्या म्हाताऱ्या हाल्लच्या घरी आरी लहानाचा मोठा झाला त्याला आपला बाप्तिस्मा आठवत होता. धर्म बदलण्याच्या आदल्या वर्षी, तीन वर्षांचा असताना झालेला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या युरोपात अशी काळजी घेणारा लेखक विरळा.

जुन्या कवितांची जी एक महत्त्वाची वही उरली ती ४५ पानांची, तेराव्या शतकात लिहिलेली. मधली आठ पाने गहाळ आहेत. १६४३ मध्ये ती एका बिशपच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ मध्ये आरमारी जहाजातून आइसलंडला परत आली. पुढच्याच वर्षी काही आइसलंडरांनी जुन्या देवांना मानणारी संस्था स्थापिली, १९७३ मध्ये सरकारने तिला मान्यता दिली आणि आज तिचे सदस्य पाच हजारांच्या पुढे आहेत. त्यांना जनावरांचा बळी चालत नाही. याच रूनांचा आणि याच देवांचा नाझींनी वंशद्वेषासाठी वापर केला होता, आणि युरोपातील काही टोळकी आजही करतात. त्या संस्थेने अशा लोकांपासून स्वतःला जाहीरपणे दूर ठेवले आहे.

आइसलंडच्या उत्तरेला गोडाफॉस, म्हणजे देवांचा धबधबा, आहे. थोरगेइर सभेहून घरी परतला आणि आपल्या देव्हाऱ्यातील मूर्ती त्याने येथे पाण्यात टाकल्या, असे तेथील वाटाडे सांगतात. पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात, फोटो निघतात. आरीच्या ग्रंथात हा प्रसंग नाही.